साठीनंतरच्या मेंदूची काळजी चाळिशी-पन्नाशीत कशी घ्यावी

घरातलं वडीलधारं माणूस तेच तेच प्रश्न पुन्हा विचारायला लागलं, ओळखीचा रस्ता चुकायला लागलं, की स्मृतिभ्रंश हा शब्द पहिल्यांदा घरात येतो. तोवर त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, कारण तो म्हातारपणाचा आजार समजला जातो. पण स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असलेल्या अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला सुरुवात होते ती लक्षणं दिसण्याच्या साधारण १५ ते २० वर्षं आधी. सत्तरीत निदान झालेल्या माणसाच्या मेंदूत पन्नाशीतच काहीतरी सुरू झालेलं असतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची झीज तर त्याहूनही मुकाट्याने होत राहते. म्हणून हा लेख चाळिशी ते साठीच्या टप्प्यावर असलेल्या आणि आज काहीही त्रास नसलेल्या माणसांसाठी आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने गिल लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली एक तज्ज्ञगट नेमला. स्मृतिभ्रंशाची कोणती कारणं आपल्याला बदलता येण्यासारखी आहेत, हे तो तपासतो. २०१७ साली त्याने असे ९ घटक सांगितले, २०२० मध्ये ते १२ झाले आणि २०२४ मध्ये १४. या चौदाही घटकांचा बंदोबस्त झाला तर जगातली जवळजवळ ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा समाजाचा आहे. एकट्या माणसाला त्यातून कसलीही हमी मिळत नाही, सगळं नीट करूनही आजार होऊ शकतो. पण या चौदांपैकी १० घटक मध्यमवयात मोडतात: बहिरेपण, वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, हालचालीचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, नैराश्य आणि डोक्याला झालेली इजा. या यादीत स्मरणशक्तीच्या गोळ्या कुठेही नाहीत. कोडी सोडवण्याचाही उल्लेख नाही. तरी बहुतेक लोक सुरुवात करतात ती नेमकी याच दोन गोष्टींपासून, आणि रक्तदाब कित्येक वर्षं मोजलेलाच नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम बदला. आधी मोजा, मग दुरुस्त करा, मग नवं काही जोडा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: रक्तदाब घरी मोजा, आणि नीट मोजा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला जवळजवळ २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. हा पुरवठा केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधून होतो. रक्तदाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की या वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात आणि मेंदूच्या आतल्या भागांना रक्त कमी पडायला लागतं. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर अनेक दशकं चाललेल्या 'व्हाइटहॉल २' या अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट दिसली. वयाच्या पन्नाशीत वरचा रक्तदाब १३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता, हृदयविकार झालेला नसतानाही. साठीत किंवा सत्तरीत मोजलेल्या रक्तदाबाचा असा संबंध आढळला नाही. म्हणजे आकडा कोणत्या वयात वाढलेला आहे, याला मोठं महत्त्व आहे. अमेरिकेत ९,३०० हून अधिक लोकांवर झालेल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. त्या गटात स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची, विचारशक्ती थोडी घसरलेली अवस्था १९ टक्क्यांनी कमी आढळली. हे निष्कर्ष २०१९ साली आले. १२० हे लक्ष्य प्रत्येकाला झेपेल असं नाही. चक्कर येणं, मूत्रपिंडाचे आजार, इतर औषधं हे सगळं बघून तुमचं लक्ष्य डॉक्टरच ठरवतील. पण 'या वयात एवढं असायचंच' म्हणून १५० चा आकडा सोडून देऊ नका.

दवाखान्यात घेतलेल्या एका आकड्यावर विसंबू नका. दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं तितकी भरवशाची नसतात. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा, लहान पडला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. मग ५ मिनिटं गप्प बसा. फोन बघायचा नाही, बोलायचंही नाही. एकदा मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. असं सलग ७ दिवस, सकाळी न्याहारीच्या आणि गोळीच्या आधी, आणि संध्याकाळी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. असा कागद पाहून डॉक्टरांनाही निर्णय घेणं फार सोपं जातं.

गोळी सुरू झाली की आयुष्यभर चिकटली, या भीतीने लोक वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात. त्या वर्षांत रक्तवाहिन्यांचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. मीठ कमी करणं (जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत), वजन उतरवणं, चालणं याने रक्तदाब खरंच खाली येतो आणि कधी गोळीचा डोस कमीही करता येतो. पण हे प्रयत्न चालू असताना आकडा वरच राहत असेल तर गोळी घ्या. बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरी पायरी: रक्ताची एक तपासणी

याच भेटीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ दरम्यान आलं तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, आणि सवयी बदलून मागे फिरायची हीच वेळ असते. ६.५ किंवा वर असेल तर तो मधुमेह. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल हा घटक लॅन्सेटच्या यादीत २०२४ मध्येच आला, आणि आला तो थेट सर्वांत वजनदार घटकांच्या पंगतीत.

सोबत बी१२ आणि थायरॉइड एकदा पाहून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेमुळे विसराळूपणा, सुस्ती येते आणि ती उपचाराने सुधारू शकते. पूर्ण शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी१२ कमी असण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: कानांची परीक्षा

चष्मा लागला तर आपण लावतो. ऐकू कमी येतं हे मात्र दहा-दहा वर्षं लपवतो, स्वतःपासूनसुद्धा. या यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे असं मला ठामपणे वाटतं. लॅन्सेट गटाच्या हिशेबात बहिरेपण आणि एलडीएल या दोघांचा वाटा प्रत्येकी ७ टक्के, बाकी सगळ्या घटकांपेक्षा जास्त.

संबंध कसा लागतो? अस्पष्ट आवाजातून शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, मग ऐकलेलं लक्षात ठेवायला ती उरत नाही. शिवाय नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस हळूहळू गप्पांमधून, समारंभांमधून बाजूला होतो. आणि ध्वनीचा खुराक कमी झाला की मेंदूतले संबंधित भागही आक्रसत जातात, असं मानलं जातं.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या 'अचीव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळे मिळून पाहिले तर श्रवणयंत्राने फरक पडला नाही. पण ज्यांना हृदयविकार, मधुमेह अशा कारणांनी आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांत विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. श्रवणयंत्राला रामबाण म्हणता येणार नाही, पण धोका जास्त असलेल्यांना ते टाळणं परवडणारं नाही.

पन्नाशीच्या आत-बाहेर एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. त्याआधीही काही खुणा सांगता येतात: गर्दीच्या ठिकाणी समोरच्याचं बोलणं निसटतं, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटतो, लहान मुलांचे आणि बायकांचे उंच आवाज नीट कळत नाहीत, फोन नेहमी एकाच कानाला लावला जातो. घरच्यांना विचारा. ते तुमच्या आधी ओळखतात.

ऐकू चांगलं येत असेल तर ते जपा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत ही मर्यादा सांगते. आवाज जितका वाढेल तितका वेळ झपाट्याने कमी करावा लागतो. इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत असेल तर गोंगाट रोखणारा, कानावर बसणारा हेडफोन वापरा. कारखान्यात किंवा यंत्रांजवळ काम असेल तर कानात बोळे घालायचा संकोच नको.

श्रवणयंत्र लागलंच तर पहिल्या आठवड्यातच ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. इतकी वर्षं न ऐकलेले भांड्यांचे, पंख्याचे, कागदाचे आवाज एकदम अंगावर येतात. आधी घरात, शांत खोलीत दिवसाला काही तास लावा, मग एका माणसाशी बोलताना, मग गर्दीत. दोन-तीन वेळा जाऊन ते आपल्या कानाला जुळवून घ्यावं लागतं, हे गृहीतच धरा.

डोळ्यांचंही तसंच. नजर कमी झाली आणि तिच्यावर उपचार झाले नाहीत तर धोका वाढतो, म्हणून दोन वर्षांतून एकदा डोळे तपासा, मधुमेह असेल तर दरवर्षी. मोतीबिंदू काढायला सांगितला तर उगाच पुढे ढकलू नका.

चौथी पायरी: चालणं, आणि चालण्यापलीकडचं थोडं

व्यायामाने मेंदूला काय मिळतं याचा एक सुंदर पुरावा २०११ साली पुढे आला. अमेरिकेत १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं झपझप चालायला लावलं, निम्म्यांना फक्त अंग ताणायचे व्यायाम दिले. वर्षभराने चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी रुजवणारा भाग, जवळजवळ २ टक्क्यांनी वाढलेला होता. दुसऱ्या गटात तो वयानुसार व्हायचा तसा आक्रसलेला होता.

किती चालायचं? ब्रिटनमधल्या ४० ते ७९ वयाच्या ७८,००० हून अधिक लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजणी केली, तेव्हा दिवसाला ९,८०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांमध्ये धोका सर्वांत कमी दिसला. त्याहून दिलासा देणारी गोष्ट म्हणजे ३,८०० पावलांवरही धोका सुमारे २५ टक्के कमी होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. धडधाकट माणसं मुळातच जास्त चालतात, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी बसून राहणाऱ्या माणसाने दहा हजारांच्या आकड्याला घाबरून घरीच राहू नये, इतकं त्यातून नक्की निघतं.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त पावलं मोजा. जी सरासरी येईल त्यात दिवसाला ५०० वाढवा. दोन आठवडे ती टिकली की पुन्हा ५००. साधारण ७-८ हजारांवर आलात की आकडा सोडा आणि वेगाकडे बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग हवा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं एवढं पुरेसं आहे. छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप लागणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं.

चालण्यात स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही, आणि मध्यमवयात स्नायू गळायला सुरुवात झालेली असते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटं: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून दंड, टाचा उचलणं, हातात थोडं वजन घेऊन उचलणं. प्रत्येक प्रकार इतका करा की शेवटचे दोन-तीन वेळा जड जावेत. सहज होत असेल तर वाढवायची वेळ आली. दात घासताना एका पायावर उभं राहा, गरज पडली तर पकडायला जवळ काहीतरी असू द्या. म्हातारपणी पडून डोक्याला होणारी इजा टाळायची तयारी आजच्या तोलातूनच होते.

पाचवी पायरी: झोप

'व्हाइटहॉल २' मध्येच जवळपास ८,००० लोकांना २५ वर्षं पाहिलं गेलं. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने ६ तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका ७ तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळला. कमी झोपेची फुशारकी मारणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. मात्र अधूनमधून रात्र वाईट गेली म्हणून घाबरून जाऊ नका. झोप येत नाही या काळजीनेच ती आणखी उडते.

झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की करा, सुटीच्या दिवशीसुद्धा. उठल्यावर तासाभरात उजेडात जा. दुपारनंतर कॉफी नको. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुटते. वीस-पंचवीस मिनिटं कूस बदलत पडलात तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. महिनोन् महिने झोपच येत नसेल तर निद्रानाशासाठी वर्तनोपचाराची एक ठरावीक पद्धत आहे. दीर्घकाळाच्या निद्रानाशावर तीच पहिला उपाय मानली जाते, गोळ्या नंतर. सर्दी-ॲलर्जीच्या, गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या रोज झोपेसाठी घेण्याची सवय तर अजिबात नको. ॲसिटिलकोलिन हे आठवणींच्या कामात लागणारं रसायन त्या अडवतात, आणि अशा औषधांच्या दीर्घ वापराचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसलेला आहे.

घोरण्याकडे मात्र वेगळ्याने बघा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलकी: ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची चिन्हं आहेत. रात्रीत कितीतरी वेळा प्राणवायू खाली जातो आणि रक्तदाबही औषधांना दाद देत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, एकटे असाल तर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि झोपेची तपासणी करून घ्या. यावर चांगले उपचार आहेत.

मासिक पाळी थांबण्याच्या आसपासच्या वर्षांत अनेक स्त्रियांना शब्द न आठवणं, डोकं धुकट वाटणं असा त्रास होतो. हा स्मृतिभ्रंश नव्हे, आणि बहुतेकींमध्ये तो काही काळाने निवळतो. रात्री घाम येऊन झोप मोडत असेल तर त्यावर उपचार मागा, सोसत राहू नका.

सहावी पायरी: ताट, धूर आणि ग्लास

आहारावर खूप लिहिलं जातं, मी थोडक्यात आटोपते. पालेभाज्या, इतर भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे खात असाल तर मासे, लोणी-तुपाच्या जागी वनस्पतिजन्य तेल. गोड पेयं, तळलेलं आणि पाकीटबंद पदार्थ कमी. हृदयाला जे चालतं तेच मेंदूला. कुठलाही एक पदार्थ जादू करत नाही. मेंदूसाठी खास आखलेल्या 'माइंड' आहाराची ६०० हून अधिक लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आला की नेहमीच्या, थोडा कमी खाण्याच्या आहारापेक्षा त्याने वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा आहाराच्या नावात अडकू नका, वजन, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवेल असं खाणं निवडा. आणि जीवनसत्त्व बी, ई किंवा ओमेगाच्या गोळ्या स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कमतरता तपासणीत दिसली तर गोष्ट वेगळी.

तंबाखू सोडणं कोणत्याही वयात फायद्याचं. इच्छाशक्तीवर एकट्याने झगडण्यापेक्षा निकोटिनचे च्युइंगम, पॅच आणि समुपदेशन यांची मदत घ्या, यश मिळण्याची शक्यता वाढते. दारू पीत नसाल तर 'मेंदूला बरी' म्हणून सुरू करू नका. पीत असाल तर कमी करा. दुचाकीवर हेल्मेट, गाडीत पट्टा, घरातल्या जिन्याला कठडा आणि उजेड.

सातवी पायरी: शिकणं आणि माणसं

अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन) दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यांनी मृत्यूनंतर मेंदू तपासायला संमती दिली होती. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, तरी जिवंतपणी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. अशा निरीक्षणांमधून 'राखीव क्षमता' ही कल्पना पक्की होत गेली: शिक्षण, आव्हानाचं काम आणि समृद्ध सामाजिक आयुष्य यातून मेंदूत जणू गंगाजळी साठते, आणि झीज झाली तरी काम काही काळ भागतं.

ही गंगाजळी वाढवायची तर रोजचं शब्दकोडं पुरत नाही. कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोड्यांत तरबेज होतो. ज्यात तुम्ही नवखे आहात, चुकता, कुणीतरी सुधारतं आणि थोडी दमछाक होते अशी गोष्ट निवडा: वाद्य, भाषा, नृत्य, सुतारकाम, पोहणं. नृत्य किंवा गटाने गाणं यांत शरीर, स्मरण आणि सोबत तिन्ही एकदम येतात, म्हणून निवडायचंच असेल तर मी ते सुचवेन. रोज अर्धा तास जमत नसेल तर आठवड्याचा एक वर्ग लावा, कारण तिथे कुणीतरी वाट बघतं.

माणसांचंही असंच. निवृत्तीनंतर मित्र जोडू म्हणणाऱ्यांना तेव्हा कळतं की ओळखी सगळ्या कामापुरत्या होत्या. कामाबाहेरच्या दोन-तीन माणसांशी नियमित भेट आत्ताच ठरवून ठेवा, आणि ती दिनदर्शिकेत लिहा. सतत उदास वाटणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून अधिक टिकलं तर त्याला स्वभाव समजू नका. नैराश्यावर उपचार होतात, आणि ते घेणं हा मेंदूच्या काळजीचाच भाग आहे.

हे सगळं एकदम करू नका

सवय २१ दिवसांत लागते असं ऐकलं असेल. लंडनमध्ये ९६ लोकांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला, मधला आकडा घेतला तर, ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून एका वेळी एकच सवय, आणि तिला दोन-तीन महिने द्या.

नवी कृती आधीच पक्क्या असलेल्या कृतीला बांधा. 'जास्त चालेन' असं म्हटलं की ते राहूनच जातं. 'रात्रीचं जेवण झालं की चपला घालून दहा मिनिटं बाहेर' हे होतं. अडचण कुठे येणार तेही आधीच ठरवा: पाऊस असेल तर घरातल्या जिन्यात. सुरुवातीची मात्रा इतकी छोटी ठेवा की थकलेल्या दिवशीही नाही म्हणवणार नाही.

वर्षाची आखणी करायची तर पहिल्या महिन्यात रक्तदाब, रक्ततपासणी आणि कान. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात फक्त चालणं. मग ताकदीचे व्यायाम. मग झोपेची वेळ. त्यानंतर शिकायची गोष्ट. तंबाखू ओढत असाल तर ती मात्र रांगेत थांबवू नका, चालण्याच्याही आधी घ्या.

हे एकत्र केल्याने खरंच काही होतं का? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या 'फिंगर' चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या घटकांवर लक्ष असं सगळं दोन वर्षं एकत्र दिलं. विचारशक्तीच्या चाचण्यांत त्यांची प्रगती दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. साठीनंतर सुरू करूनही फरक पडला, तेव्हा तुमचं वय उलटून गेलेलं नाही.

'आमच्या घराण्यातच आहे' हे कारणही पुरेसं नाही. ब्रिटनमधल्या साठीपुढच्या जवळपास दोन लाख लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांमध्येही चांगल्या जीवनशैलीच्या लोकांना स्मृतिभ्रंश सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला होता.

डॉक्टरांकडे कधी जायचं

नाव चटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, खोलीत कशाला आलो ते न सुचणं हे मध्यमवयात होतंच, विशेषतः झोप कमी आणि ताण जास्त असताना. पण ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, नेहमीचे पैशांचे व्यवहार किंवा रोजचं काम जमेनासं होणं, तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा विचारणं, बोलताना साध्या वस्तूंची नावं सतत अडणं, स्वभावात ठळक बदल होणं, यातलं काही महिनोन् महिने वाढत गेलं तर भेट घ्या. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं हा पक्षाघात असू शकतो. तिथे भेटीची वेळ घेत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

साध्या भेटीला जाताना सोबत तुम्हाला रोज पाहणारं एक माणूस न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. बदल कधीपासून आणि कोणत्या कामात जाणवला, ते तारखांसह कागदावर लिहून न्या, आणि रक्तदाबाची वहीही.